स्वभावाला औषध नाही, असे म्हणण्याआधी

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आपल्याकडे मोडलेल्या संसाराच्या बाबतीत हमखास ऐकू येते. मुलगी माहेरी येऊन राहिली, की चार वडीलधारी माणसे ओट्यावर बसतात, मान हलवतात आणि म्हणतात, ‘काय करायचं, स्वभाव जुळले नाहीत.’ मग चहा येतो आणि विषय संपतो. आजाराच्या कागदावर ‘नशीब’ असा शेरा मारून डॉक्टरने रोग्याला घरी पाठवावे, तसाच हा प्रकार आहे. म्हणून आजच्या आरोग्याच्या सदरात हा विषय घेतला आहे. हा कोर्टाचा किंवा भावकीचा विषय आहे, असे काही वाचकांना वाटेल. पण त्याचे रोगी शेवटी दवाखान्यातच येतात.

काही दिवसांपूर्वी एक आई आपल्या लेकीला घेऊन आली. मुलगी सव्वीस वर्षांची. छातीत धडधड, रात्री झोप नाही, अन्न गोड लागत नाही, मधूनच हातापायांना मुंग्या. रक्त तपासले, थायरॉईड तपासले, हृदयाचा आलेख काढला. सगळे ठीक. मग आईला बाहेर बसवून मुलीशी बोललो, तेव्हा कळले की ती चार वर्षांपासून माहेरीच आहे. सासरचे न्यायला येत नाहीत आणि माहेरचे आपणहून नेऊन सोडायला धजत नाहीत. घटस्फोट झालेला नाही, पोटगी नाही. गळ्यात मंगळसूत्र आहे, रेशनकार्डातले नाव अजून सासरीच आहे. ‘काय बिनसलं?’ असे विचारले तर तिचेही उत्तर तेच, ‘स्वभाव नाही जुळला, डॉक्टर.’

डोकेदुखी, पाठदुखी, धडधड, पोटात गोळा येणे अशा तक्रारी घेऊन या स्थितीतल्या बायका येत राहतात. काहींच्या अंगात येते. कोणी शक्तीचे इंजेक्शन मागते, कोणी सलाईन मागते. त्यांचे दुखणे खोटे नसते, पण त्याचे मूळ रक्तात किंवा हाडात सापडत नाही. ते ना धड नांदती, ना धड मोकळी अशा अधांतरी स्थितीत असते.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. संसारात ताण येतो तो पुष्कळदा स्वभावामुळे, हे खरे. पण त्या ताणाचा शेवट कसा होणार, म्हणजे समेट होणार, रीतसर घटस्फोट होणार, की बाई नुसती ‘टाकली’ जाणार, हे आपल्या भागात स्वभाव ठरवत नाही. ते परिस्थिती ठरवते.

शास्त्र काय सांगते

स्वभाव आणि घटस्फोट यांवर पाश्चात्त्य देशांत पुष्कळ अभ्यास झाला आहे. त्यातला एक फार नावाजलेला. अमेरिकेत १९३० च्या दशकात लग्न ठरलेली ३०० जोडपी निवडली गेली आणि १९८० पर्यंत त्यांचा माग ठेवला गेला. लोवेल केली आणि जेम्स कॉन्ली यांनी १९८७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या ३०० पैकी २७८ जोडप्यांची लग्ने झाली, त्यांतली ५० पुढे मोडली. संसार बिघडण्याशी स्वभावाच्या तीन गोष्टींचा संबंध ठळक दिसला. नवऱ्याचे मन बारीकसारीक कारणाने ढवळून निघणारे असणे, बायकोचेही तसेच असणे, आणि नवऱ्याचा स्वतःवर ताबा नसणे.

या अभ्यासातला पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मन अस्वस्थ असण्याने संसारात दुःख निर्माण होते. पण ते दुःख घटस्फोटापर्यंत जाते, की दोघे ते मुकाट्याने सोसत राहतात, हे वेगळ्या गोष्टींवर अवलंबून असते, असे त्यांना आढळले. तिथे त्या वेगळ्या गोष्टी म्हणजे मुख्यतः नवऱ्याच्या स्वभावाचे इतर पैलू होते.

२००७ साली ब्रेंट रॉबर्ट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा अनेक पाहण्या एकत्र करून तुलना केली. माणसाची मिळकत, शिक्षण, घरची स्थिती यांपेक्षा त्याच्या स्वभावाचा घटस्फोटाशी संबंध जास्त दिसला. सतत अस्वस्थ राहणाऱ्यांचे संसार मोडण्याकडे कल अधिक होता. समजुतीने घेणारे आणि जबाबदारी पाळणारे यांचे संसार टिकण्याकडे.

हे वाचून कोणी म्हणेल, ‘बघा, आम्ही म्हणत होतो ते शास्त्रानेही सांगितले.’ पण थोडे थांबावे. हे अभ्यास झाले त्या देशांत नवऱ्याशी पटले नाही तर बाई वेगळी खोली घेऊन राहू शकते, तिला काम मिळते, तिच्याकडे बोट दाखवणारे थोडे असतात. दार उघडे असले की माणूस आपल्या स्वभावाप्रमाणे आत राहतो किंवा बाहेर पडतो. आपल्याकडे ते दार अजून अर्धेच उघडे आहे.

आपल्याकडचे चित्र

२०११ च्या जनगणनेत देशभरात घटस्फोटित म्हणून नोंदलेल्या व्यक्ती सुमारे १३ लाख ६० हजार होत्या. घटस्फोट न घेता वेगळे राहणारे सुमारे ३५ लाख, म्हणजे अडीच पटींहून जास्त. दोन्ही गटांत पुरुषांपेक्षा बायका पुष्कळ अधिक. कारण उघड आहे. पुरुष दुसरे लग्न करून नोंदीतून बाहेर पडतो, बाई तिथेच राहते. तेव्हा ‘आपल्याकडे घटस्फोट कमी, म्हणजे आपले संसार सुखाचे’ हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

हा प्रश्न चव्हाट्यावर आणण्याचा मान आपल्याच जिल्ह्याकडे जातो. १९८८ साली संगमनेरला समता आंदोलनाने परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरवली. अ‍ॅड. निशा शिवूरकर त्या कामात पुढे होत्या; पुढे त्यांनी ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’ हे पुस्तकही लिहिले. विधवेला समाजात काहीतरी नाव होते, या बायकांना तेही नव्हते. ‘टाकलेली’ हा एकच शब्द. मोडके भांडे टाकावे, फाटके धोतर टाकावे, तशी बाई टाकायची. त्या काळी फौजदारी संहितेच्या १२५ व्या कलमाखाली पोटगी मिळाली तरी ती दरमहा ५०० रुपयांच्या वर जात नसे. ही मर्यादा २००१ साली उठली.

गंमत अशी, की पूर्वी अनेक शेतकरी आणि कारागीर जातींत काडीमोड होती, फारकत होती, पाट लावण्याची चाल होती. पंचांसमोर फारकत झाली की बाई मोकळी. पुढे घराण्याची प्रतिष्ठा वाढली, तशी पाटाची चाल कमीपणाची वाटू लागली. मुंबई इलाख्यात १९४७ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला, १९५५ साली देशभरासाठी हिंदू विवाह कायदा आला. रीत गेली, कायदा आला. पण कायद्यापर्यंत जायला बसभाडे, वकील, वेळ आणि भावाची संमती लागते. त्यामुळे ज्यांच्या आजीला फारकत मिळाली असती, त्यांची नात चार-चार वर्षे माहेरच्या पडवीत बसून राहते.

स्वभाव की परिस्थिती?

आता ‘स्वभाव जुळत नाही’ या तक्रारीखाली काय काय दडलेले असते ते पाहू.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून दरवर्षी ऊसतोडीला कुटुंबे जातात. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि मुकादम त्या कोयत्यावर उचल देतो. एकट्या पोराचा पुरा कोयता होत नाही. म्हणून लग्ने लवकर उरकली जातात. महाराष्ट्रात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी जवळजवळ २२ जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. सोळाव्या वर्षी मुलीचा स्वभाव तयार तरी झालेला असतो का? माणसाची समज आणि जबाबदारीची जाणीव विशीत आणि तिशीतही वाढत असते, हे मानसशास्त्रात पक्के दिसून आले आहे. म्हणजे जो स्वभाव अजून बनायचाच आहे, तो ‘जुळला नाही’ असे आपण म्हणतो. शिवाय हंगामाच्या मध्यावर या जोडप्याचे कितीही बिनसले, तरी उचल फिटेपर्यंत त्यांना वेगळे होता येत नाही. पहाटे उठून भाकरी थापायची, दिवसभर मोळ्या वाहायच्या आणि रात्री खोपीत नवऱ्याचा मार खायचा. इथे कोणाच्या स्वभावाची परीक्षा घेणार?

दुसरे उदाहरण बागायती पट्ट्यातले. मुलगी शहरात शिकलेली, पदवीधर. मुलगा कष्टाळू, निर्व्यसनी, गावापासून तीन किलोमीटर आत वस्तीवर घर, दावणीला दहा गाई. पहाटे चारला धारा, मग शेण, चारा, संध्याकाळी पुन्हा धारा. सासू म्हणते, ‘सून आळशी आहे.’ सून म्हणते, ‘ही माणसं मला माणूस समजत नाहीत.’ दोघींना निवांत भेटावे, तर दोघीही चांगल्या. इथे स्वभावाचा दोष थोडा आणि लग्नाआधी न झालेल्या बोलण्याचा दोष फार. बैठकीत मानपान ठरला, हळदीचा हॉल ठरला. पण मुलीने दिवसभर काय करायचे, तिला पुढे शिकू किंवा नोकरी करू देणार की नाही, हे कोणी विचारलेच नाही.

आम्ही पत्रिकेतले ३६ गुण काढतो, १८ जुळले की खूश होतो. दोघांचा रक्तगट एकच असला तर चालेल का, असे मला कितीतरी पालक विचारतात. चालतो, त्याने काही बिघडत नाही. मात्र मुलाला राग आला की तो काय करतो, घरातल्या गड्याशी आणि आईशी कसा बोलतो, पितो का, हे कोणी विचारत नाही. हे खरे गुणमेलन आहे, आणि ते पंचांगात सापडत नाही.

आजाराला स्वभाव म्हणू नका

आता माझ्या धंद्याचा भाग. ज्याला घरचे ‘स्वभाव’ म्हणतात, तो पुष्कळदा आजार असतो, आणि त्याला औषध असते.

बाळंतपणानंतर काही बायका रडत राहतात, बाळाला घेत नाहीत, चिडतात. घरचे म्हणतात, ‘पोर झाल्यापासून हिला मस्ती आली.’ ते बाळंतपणानंतरचे नैराश्य असू शकते. थायरॉईड कमी झाले की माणूस सुस्त होतो, कामात लक्ष लागत नाही. एका रक्ततपासणीत ते कळते आणि रोजच्या एका गोळीने आटोक्यात राहते. नवरा विनाकारण बायकोवर संशय घेतो, तिच्या फोनवर, दारातून जाणाऱ्या माणसावर संशय घेतो. असा संशय हटत नसेल तर तो मानसिक आजारही असू शकतो. दारूच्या दीर्घ सवयीतही तो दिसतो. दारू हा तर सरळसरळ आजार आहे. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच सांगत आले आहे. ‘लग्न झालं की सुधारेल’ या आशेने पिणाऱ्या मुलाचे लग्न लावणे म्हणजे आपल्या घरचा रोगी दुसऱ्याच्या मुलीच्या गळ्यात बांधणे होय.

फिट येतात म्हणून टाकलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. नियमित औषधाने फेफऱ्याच्या दहापैकी सुमारे सात रोग्यांच्या फिट थांबू शकतात. हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारे फेफरे ही पूर्वी लग्नाला बाधा होती. १९९९ साली ती काढून टाकली. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते. तेही २०१९ साली वगळले, कारण तो रोग सहा ते बारा महिन्यांच्या औषधाने पूर्ण बरा होतो. कायदा सुधारला, ओट्यावरच्या बैठका मात्र अजून मागेच आहेत.

मूल होत नाही म्हणून टाकलेल्यांची संख्या याहून मोठी. मूल न होण्याच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचे कारण कमी-अधिक प्रमाणात असते. वीर्याची तपासणी ही सर्वांत सोपी आणि स्वस्त तपासणी; पण ती सर्वांत शेवटी होते, कधी दुसरी बायको आणल्यानंतर होते. मुलगा की मुलगी हे तर पित्याच्या बीजावरच ठरते. तरी शिक्षा बाईला.

काय करावे?

घरात खटके उडू लागले, की वडीलधाऱ्यांनी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. यात काही आजार आहे का? असेल तर दोघांनाही डॉक्टरकडे न्या, एकट्या सुनेला नको. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते, आणि १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. दुसरा प्रश्न, यात परिस्थितीचा भाग किती? वेगळी चूल, कामाची वाटणी, मुलीला नोकरी, एवढ्याने भागत असेल तर ते करावे. त्यात घराण्याची अब्रू जात नाही. तिसरा, एवढे करूनही दोघांचे पटत नाही का? मग स्वभाव जुळत नाही असे खुशाल म्हणा. पण तसे म्हटल्यावर हात झटकून मोकळे होऊ नका, दोघांनाही रीतसर मोकळे करा.

त्यासाठी कायद्यात १९७६ पासून परस्पर संमतीच्या घटस्फोटाची सोय आहे. एक वर्ष वेगळे राहिल्यावर दोघांनी मिळून अर्ज करायचा. त्यानंतर सहा महिने थांबावे लागते. ही मुदत योग्य कारण असल्यास कोर्ट माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले. बाईला वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. एक सावधगिरी मात्र बाळगा. शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर चार पंचांच्या सह्यांनी लिहिलेली फारकत म्हणजे घटस्फोट नव्हे. जातीत तशी जुनी रूढी आहे हे कोर्टात सिद्ध करता आले तरच ती टिकते. नाहीतर तिच्या भरवशावर केलेले दुसरे लग्न बेकायदा ठरते, आणि त्यात पुन्हा एका मुलीचे नुकसान होते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मारहाण हा स्वभाव नव्हे. ‘तापट आहे, पण मनाचा चांगला आहे’ हे वाक्य मी हात मोडलेल्या बाईच्या सासूकडून ऐकले आहे. हाच तापट माणूस साहेबासमोर आणि सावकारासमोर हात जोडून उभा राहतो, म्हणजे त्याला राग आवरता येतो. जिथे मारहाण आहे तिथे तीन प्रश्न विचारत बसू नका. मुलीला आधी सुरक्षित जागी आणा, जखमांची नोंद सरकारी दवाखान्यात करून घ्या, १८१ ला फोन लावा. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा तिला सासरच्या घरात राहण्याचा हक्कही देतो.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या मुलीला मी झोपेची गोळी थोडे दिवस दिली आणि विधी सेवेच्या कार्यालयाचा पत्ता दिला. तिच्या आईला ते आवडले नाही. ‘कोर्टात गेलं की कायमचं तुटतं, डॉक्टर,’ ती म्हणाली. मी विचारले, ‘मावशी, चार वर्षांत काय जोडलेलं राहिलं आहे?’ ती काही बोलली नाही. परवा मुलगी एकटीच आली होती. धडधड अजून आहे, झोप थोडी सुधारली आहे. पोटगीचा अर्ज दिला आहे, आणि गावातल्या एका बाईकडे शिवणकाम शिकायला जाते, असे तिने सांगितले. नांदायला जायचे की मोकळे व्हायचे, हे अजून तिने ठरवलेले नाही. ते तिचे तिने ठरवायचे आहे. पण आता ते ठरवण्याच्या जागी ती आली आहे, एवढे औषध मला तूर्त पुरेसे वाटते.